जुन्या होम थिएटरचे उडालेले स्पीकर : दुरुस्ती नेमकी कशी होते आणि त्यात पैसे कुठे सुटतात



मागच्या व्हिडिओत मी टेबलावर एक आठ इंची सबवूफर उघडून दाखवला होता. व्हिडिओत वेळ कमी असतो, त्यामुळे बरंच बोलायचं राहून गेलं. ते सगळं इथे लिहितोय. अजून एक कारण आहे. गेल्या महिन्यातल्या कार्यशाळेनंतर एक मुलगा थांबला. आयटीआय झालेला, दोन वर्षं एका टीव्हीच्या दुकानात काम केलेलं. म्हणाला, "सर, चाळीस हजार साठवलेत. स्पीकर रिपेअरिंगचं दुकान टाकू का?" मी त्याला तिथे उभ्या उभ्या उत्तर दिलं नाही. चाळीस हजार त्याचे आहेत, माझे नाहीत. म्हणून म्हटलं, आधी काम समजून घे, मग हिशोब कर, मग आपण बोलू. हा लेख म्हणजे तेच बोलणं समजा.

आधी गिऱ्हाईक कोण ते पाहू. साधारण २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत डीव्हीडीबरोबर ५.१ होम थिएटर घराघरांत आले. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे पाच आणि पॉइंट एक. कुणी शोरूममधून हप्त्यावर घेतले, कुणी लोकल असेंबल केलेले घेतले. रत्नागिरी, चिपळूण, खेडकडे आखाती देशांतून येताना आणलेले सेट आजही माळ्यावर सापडतात. यातले बरेच सेट आज बंद आहेत. डीव्हीडीची लेन्स गेली, एखादा स्पीकर फाटला, आणि वर चादर टाकली गेली. पण लाकडी डबा चांगला, मॅग्नेट चांगला, ट्रान्सफॉर्मर चांगला. लोकांना तो टाकवत नाही. आता नवीन साउंडबार आणला तरी "आपला जुना सेट काय वाजायचा!" हे वाक्य घरात निघतंच. त्या वाक्यावर आपला धंदा उभा आहे.

स्पीकर उडतो म्हणजे काय होतं

आज आपण जो स्पीकर वापरतो त्याची रचना जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये मांडली. शंभर वर्षं झाली, मूळ गोष्ट तीच आहे. मॅग्नेटच्या बारीक गोल फटीत तांब्याच्या तारेची कॉइल लोंबकळते. कॉइलला कोन चिकटवलेला. ॲम्प्लिफायरचा करंट कॉइलमधून गेला की ती मागेपुढे हलते, कोन हलतो, हवा हलते, आवाज येतो. कोनाला बरोबर मध्ये धरून ठेवायला दोन गोष्टी असतात. बाहेरच्या कडेला फोमची किंवा रबराची गोल पट्टी, आणि आत, कॉइलजवळ, घड्या घातलेली कापडी चकती, जिला सगळे स्पायडर म्हणतात. मधलं भोक झाकायला डस्ट कॅप. बस, एवढंच.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्काच आवाज होतो. बाकी सगळी उष्णता होते, आणि ती कॉइलमध्ये होते. म्हणजे लग्नात, वास्तुशांतीला, मॅचच्या दिवशी जेव्हा व्हॉल्यूम टोकाला जातो तेव्हा आत एक छोटी शेगडीच पेटलेली असते. कॉइलचा डिंक मऊ होतो, वेढे सुटतात, फटीत घासतात, वार्निश जळतं. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "आवाज फाटतोय." दोन दिवसांनी तेच सांगतं, "आता आवाजच नाही."

पण सगळे बिघाड जळण्याचे नसतात. कडेचा फोम पॉलियुरेथेनचा असेल तर हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू कुजतो. बोट लावलं की पिठासारखा हातात येतो. कोकणात हे फार लवकर होतं, सोलापूरकडे जरा उशिरा. सेट वर्षानुवर्षं न वाजवता ठेवला तरी होतं, म्हणून "साहेब, आम्ही तर वापरलाच नाही" असं म्हणणारं गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. रबराची किंवा कापडाची कड असेल तर ती बरीच टिकते. याशिवाय कोनकडे जाणारी विणलेली लवचिक तार तुटते, उंदीर कोन कुरतडतो, लहान मूल डस्ट कॅपवर बोट दाबतं. (डस्ट कॅप आत गेली म्हणून आवाज बिघडत नाही, बहुतेक वेळा. चिकटपट्टीने ओढून बाहेर काढा, पैसे घेऊ नका. ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी मिक्सर घेऊन येईल.)

आणि "उडालेल्या" म्हणून आलेल्या स्पीकरांपैकी काही मुळात उडालेलेच नसतात. मागच्या क्लिपमध्ये तार सुटलेली, क्लिपला गंज, किंवा रिमोटवरून कुणीतरी मोड बदललेला. साधा स्टिरिओ कार्यक्रम लागला असेल आणि सेट स्टिरिओ मोडवर असेल तर मागचे दोन स्पीकर वाजणारच नाहीत, तो बिघाड नाही. बऱ्याच ब्रँडेड सेटच्या रिमोटवर टेस्ट टोन असतो. तो लावला की प्रत्येक स्पीकरमधून पाळीपाळीने सू-सू असा आवाज येतो. गिऱ्हाइकाच्या समोर आधी हे करा.

तपासणीचा क्रम, आणि मी तो कसा शिकलो

आता थोडं माझ्याबद्दल, कारण इथे मी स्वतः पैसे आणि नाव दोन्ही घालवलंय.

ट्रेनिंगमध्ये येण्याआधी माझं कराडला छोटं रिपेअरिंगचं दुकान होतं. दुसऱ्या वर्षी एक निवृत्त गुरुजी सबवूफरचा डबा घेऊन आले. लोकल असेंबल केलेला मोठा सेट, ॲम्प्लिफायर वेगळा, तो घरी. त्यांच्या बायकोच्या भजनांच्या कॅसेट त्यांनी सीडीवर करून घेतल्या होत्या, बाई तेव्हा गेलेल्या होत्या. रोज संध्याकाळी ते त्या लावायचे. मी मीटर लावला, कॉइल ओपन. नवीन कॉइल टाकली, दुकानातल्या माझ्या ॲम्प्लिफायरवर तासभर वाजवून दाखवला. झकास. गुरुजी खूश, मी खूश.

त्याच संध्याकाळी फोन. जोडल्याबरोबर धूर आला. मी म्हटलं, कॉइल खराब निघाली असेल. दुसरी टाकली, फुकट. पुन्हा माझ्याकडे व्यवस्थित वाजला, पुन्हा घरी जळला. तिसऱ्यांदा मी मीटर घेऊन त्यांच्या घरी गेलो. स्पीकर काढून ठेवला आणि ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला डीसी व्होल्ट पाहिले. १७ व्होल्ट. गाणं नाही, काही नाही, नुसतंच बसल्या जागी १७ व्होल्ट. आउटपुटचा एक ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. ८ ओहमच्या कॉइलमधून सतत ३५-४० वॉट नुसती उष्णता. कोणती कॉइल टिकणार?

मी म्हटलं, गुरुजी, मी ॲम्प्लिफायर पण करून देतो. ते म्हणाले, "राहू द्या. मी कोल्हापूरला दाखवतो." भांडले नाहीत. पैसेही परत मागितले नाहीत. मी दिले, तर नको म्हणाले. पण त्या गल्लीतून त्यानंतर माझ्याकडे कुणीच आलं नाही. दोन कॉइलचे पैसे मी केव्हाच विसरलो, ती गल्ली विसरलो नाही.

तेव्हापासून क्रम ठरला. नुसता स्पीकर आला तरी ॲम्प्लिफायर पाहिल्याशिवाय काम घ्यायचं नाही. घरी जाऊन पाहा किंवा आणायला सांगा. स्पीकर मेला असेल तर त्याला कुणी मारलं हे आधी शोधायचं.

ॲम्प्लिफायर उघडताना मेन सप्लायला सिरीज बल्ब लावा, ६० किंवा १०० वॉटचा, जुना पिवळा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि बाकीचं सामान वाचतं. चांगला असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. मोठे कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून ठेवतात. आत हात घालण्याआधी मीटरने व्होल्टेज पाहा, रेझिस्टर लावून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरने फटकन शॉर्ट करायची सवय दिसते पोरांमध्ये, ती सोडा. आखातातून आलेल्या सेटच्या मागे व्होल्टेजचा छोटा सिलेक्टर असतो का तेही बघा. सौदीत बरीच वर्षं १२७ व्होल्टचा सप्लाय होता. सिलेक्टर तिथेच राहिला असेल आणि तुम्ही आपल्या २३० वर लावलात, तर दुरुस्तीला आलेला सेट तुमच्या हातात मरेल.

मग सगळे स्पीकर काढून प्रत्येक चॅनलच्या दोन टोकांमध्ये डीसी व्होल्ट पाहा. शून्याच्या आसपास, काही मिलिव्होल्ट असतील तर ठीक. ५० मिलिव्होल्टपर्यंत मी काळजी करत नाही. १०० च्या वर गेलं की शंका घ्यायची, आणि व्होल्टमध्ये दिसलं तर स्पीकरला हात लावायचा नाही, आधी ॲम्प्लिफायर. इथे एक खाचखळगा आहे. अनेक ब्रँडेड सेटमध्ये ब्रिज पद्धतीचं आउटपुट असतं, म्हणजे दोन्हींपैकी एकही टोक अर्थ नसतं. मीटरची काळी तार बॉडीला लावली तर दोन्ही टोकांवर सप्लायच्या निम्मे व्होल्ट दिसतात आणि नवीन माणूस घाबरून आयसी बदलायला काढतो. दोन टोकांच्या मधलं व्होल्टेज बघा, बॉडीशी नाही. आणि अशा सेटच्या मायनस तारा एकत्र जोडू नका, बॉडीलाही लावू नका.

डीसी नाही अशी खात्री झाली की मगच अदलाबदल करून पाहायची. खराब वाटणारा स्पीकर चांगल्या चॅनलवर, चांगला स्पीकर खराब चॅनलवर. बिघाड स्पीकरबरोबर गेला तर स्पीकर, जागच्या जागी राहिला तर ॲम्प्लिफायर किंवा वायर. लोक हे आधी करतात आणि डीसी नंतर पाहतात. मग एकाऐवजी दोन स्पीकर जळतात, आणि दुसरा आपल्या खर्चाने.

स्पीकरची स्वतःची तपासणी पाच मिनिटांची. मीटर २०० ओहमवर, आधी दोन टोकं एकमेकांना लावून वायरचा रेझिस्टन्स वजा करायचा. डब्यावर ८ ओहम लिहिलं असेल तर मीटर ६ ते ७ दाखवतो. ४ ओहमचा साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो. ६ ओहमचा पाचच्या आसपास. कमी दिसतं म्हणून खराब समजू नका, लिहिलेला आकडा आवाजाच्या करंटसाठी असतो, मीटर डीसीवर मोजतो. काहीच दाखवत नसेल तर ओपन. खूपच कमी दाखवला, म्हणजे ८ चा दीड-दोन, तर वेढे आपसात चिकटलेत. ट्वीटरला सिरीजमध्ये कपॅसिटर असतो, त्यामुळे बाहेरून मोजलात तर नेहमीच ओपन दिसेल, कपॅसिटरच्या पुढे मोजा. तो कपॅसिटरही वयाने जातो. टाकताना नॉन-पोलर टाका, साधा नाही.

त्यानंतर दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून हळूच आत दाबा आणि सोडा. खरखर लागली तर कॉइल घासते. मग दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. टक् आवाज यायला हवा आणि सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर यायला हवा. ही दिशा लिहून ठेवा. काम झाल्यावर तार उलटी जोडली गेली तर आवाज येतो, पण धमक जाते. गिऱ्हाइकाला नेमकं सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, "पहिल्यासारखं नाही वाटत."

हाताचं काम

फोम बदलणं हे शिकायला सगळ्यात चांगलं काम, कारण कॉइल शाबूत असते. जुना फोम आणि त्याचा डिंक पूर्ण काढायचा. फ्रेमवर थिनर किंवा ॲसिटोन चालतं, पण कागदी कोनवर जपून, आणि खिडकी उघडी ठेवून. नवीन फोम घेताना नुसतं "आठ इंची द्या" म्हणू नका. कोनचा बाहेरचा व्यास, फ्रेमचा चिकटवायच्या जागेचा व्यास, आणि फोमच्या वळणाची रुंदी, तिन्ही मोजून न्या. आठ इंची नावाखाली तीन-चार मापं येतात. आधी फोम कोनला चिकटवा, सुकू द्या, मग फ्रेमला. फ्रेमला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्ये राहिली पाहिजे. डस्ट कॅप न कापता करायचं असेल तर मोबाइलवरून ३० हर्ट्झच्या आसपासचा टोन अगदी हळू आवाजात लावा आणि कोन हलत असताना, घासण्याचा आवाज ऐकत, फोम बसवा. माझी पसंती मात्र डस्ट कॅप कापून जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कॉइल आणि मधल्या खांबाच्या मध्ये सारख्या अंतरावर सारण्याला आहे. पट्ट्या चार, सगळ्या एकाच जाडीच्या. सुकल्यावर काढा, नवीन कॅप लावा. खर्च थोडा वाढतो, पण काम परत येत नाही.

कॉइल बदलणं जरा मोठं काम. जुनी कॉइल, कोन, स्पायडर सगळं कापून काढण्याआधी फोटो घ्या. तारा कोणत्या बाजूने निघतात, स्पायडर फ्रेमवर किती उंचीवर आहे, आणि कॉइल फटीत किती खोल बसली होती हे लिहा. खोली चुकली तर सगळं छान दिसतं पण बेस येत नाही, किंवा कॉइल मागे आपटते. फटीत काळा कचरा आणि लोखंडाचा बारीक चुरा असतो. हवेने उडत नाही, मॅग्नेट धरून ठेवतो. मास्किंग टेप उलटी दुमडून, गोंदाची बाजू बाहेर करून, फटीतून फिरवा, आठ-दहा वेळा. टेप स्वच्छ निघेपर्यंत.

नवीन कॉइल घेताना व्हर्नियर कॅलिपरशिवाय दुकानात जाऊ नका. आतला व्यास, वेढ्यांची उंची, तार किती थरांत गुंडाळलीय, फॉर्मर कागदाचा आहे की ॲल्युमिनियमचा, आणि ओहम. अर्धा मिलिमीटर जाड कॉइल फटीत जाईलही, पण गरम झाली की फुगते आणि घासते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, या ठिकाणी आधी एकदा स्वतः जाऊन कोन, कॉइल, स्पायडर यांची मापं आणि भाव वहीत लिहून आणा. तो एक दिवस फुकट जात नाही. नंतर कुरिअरने मागवता येतं.

डिंकाच्या बाबतीत घाई नको. कॉइल, कोन आणि स्पायडर जिथे एकत्र येतात त्या जोडाला दोन भागांचा इपॉक्सी, कडेला रबराचा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह. फेविक्विकने कोन जोडणारे मी पाहिलेत. ते गरम झालं की तडकतं. पूर्ण सुकायला २४ तास ठेवा. "आजच द्या" म्हणणाऱ्याला सरळ सांगा, उद्या संध्याकाळी मिळेल. तारांना थोडी ढील ठेवा, कोन पूर्ण बाहेर आला तरी ओढ बसता कामा नये आणि कोनला घासताही कामा नये.

छोट्या स्पीकरचं काय? अडीच-तीन इंची स्पीकरची कॉइल बदलत बसू नका. वेळ तेवढाच जातो आणि पैसे मिळत नाहीत. त्याच मापाचा, स्क्रूची भोकं जुळणारा नवीन स्पीकर टाका. पण ओहम जुळवा. काही ब्रँडेड सेटचे स्पीकर ३ ओहमचे असतात, बाजारात मिळणार ४ किंवा ८. तीनच्या जागी ४ टाकला तर आवाज किंचित कमी होतो, नुकसान नाही. ८ टाकला तर तो एकटा स्पीकर बाकीच्यांपेक्षा दबलेला वाटेल. उलटं मात्र कधी करू नका. ८ च्या ॲम्प्लिफायरला ४ टाकला तर करंट वाढतो आणि पुढच्या महिन्यात आयसीचं काम तुमच्याच माथ्यावर येतं. आणि शक्यतो जोडीने बदला, डावा-उजवा दोन्ही.

आता हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे टाका. समजा दुकानाचं भाडं ६०००, वीज १०००, फोन-पेट्रोल १५००, आणि तुमचा स्वतःचा पगार १८०००. हो, पगार धरायचाच. "मी घरचाच आहे" म्हणून पगार न धरणारे दुकानदार तीन वर्षांनी नोकरी शोधतात. एकूण २६५००. महिन्यात २५ दिवस, दिवसाचे खरे कामाचे सहा तास, म्हणजे १५० तास. तासाला साधारण १७७ रुपये पडले. हा तुमच्या टेबलाचा भाव.

आता सबवूफरचं एक काम. स्पीकरची तपासणी ३० मिनिटं, ॲम्प्लिफायर ३० मिनिटं, जुनं काढणं-साफसफाई ४० मिनिटं, बसवणं-चिकटवणं ४०, टेस्टिंग आणि डब्यात फिटिंग ३०, गिऱ्हाइकाशी बोलणं आणि फोन २०. एकूण १९० मिनिटं. सुकण्याचा वेळ धरला नाही, तेव्हा तुम्ही दुसरं काम करता. वेळेचे झाले साधारण ५६०. कॉइल-कोन-स्पायडर समजा ३५०, डिंक, थिनर, टेप वगैरे ५०. बेरीज ९६०. दहातलं एक काम परत येतं असं धरून दहा टक्के वाढवा, १०५०-६० झाले. म्हणजे ११०० च्या खाली हे काम घेतलं तर तुम्ही गिऱ्हाइकाला खिशातून पैसे देताय.

शेजारचा ६०० घेतो? घेऊ दे. ६०० मधून सामानाचे ४०० गेले, राहिले २००. तीन तासांवर काम, तासाला ६३ रुपये. तो एक तर ॲम्प्लिफायर तपासत नाही, नाहीतर पगार धरत नाही. तुम्ही त्याच्याशी भावात लढू नका, तपासणीत लढा.

याउलट तीन इंची स्पीकर बदलणं : स्पीकर २५०, वेळ पाऊण तास म्हणजे १३३, दहा टक्के वरचे, ४२० च्या आसपास. ४५० घ्या. कमी पैशांचं काम वाटतं, पण दिवसात सहा होतात आणि परत येत नाहीत.

सगळ्यात जास्त वाव मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. स्पीकर दुरुस्त होऊन सेट घरी गेला की गिऱ्हाइकाची पुढची अडचण असते, नवीन टीव्हीला हा जोडायचा कसा? जुन्या सेटला लाल-पांढऱ्या पिना, टीव्हीला फक्त ऑप्टिकल किंवा एचडीएमआय. ऑप्टिकलमधून ॲनालॉग करणारा छोटा कन्व्हर्टर लागतो, आणि टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये पीसीएम निवडावं लागतं, नाहीतर कन्व्हर्टर गप्प बसतो. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि बऱ्याच लोकांना माहीत नसतं. एक ब्लूटूथ बोर्ड आत बसवून दिला तर मेलेल्या डीव्हीडीचा सेट मोबाइलवर वाजू लागतो. दुरुस्तीची पावती देतानाच विचारा, "टीव्हीला जोडून देऊ का?"

कागदाच्या बाबतीत तीन गोष्टी पाळा. तपासणीचे पैसे वेगळे सांगा, काम दिलं तर बिलातून वजा. अंदाजे खर्च लिहून, गिऱ्हाइकाची होकाराची सही किंवा व्हॉट्सॲपवर "हो" आल्याशिवाय कापाकापी नाही. आणि गॅरंटी कशाची ते स्पष्ट लिहा : चिकटवणं, घासणं, तार सुटणं याची तीन महिने, कॉइल जळल्याची नाही. जळणं हे व्हॉल्यूमच्या बटणावर अवलंबून असतं, ते बटण तुमच्या हातात नाही. जुनी कॉइल पिशवीत घालून परत द्या, विश्वास बसतो. पावतीवर "६० दिवसांत न नेल्यास दररोज ठेवणावळ" असंही छापा. माझ्या दुकानात एकदा न नेलेले अकरा सेट होते, मी स्वतः स्टुलावर बसायचो.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एकट्याच्या छोट्या दुकानाला शॉप ॲक्टसाठी ऑनलाइन सूचना पुरते. सुरुवातीला कर्जाची गरज मला वाटत नाही, लागलंच तर मुद्रामध्ये शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं.

मग त्या मुलाला मी काय सांगितलं? परवा फोन केला त्याला. म्हटलं, फक्त होम थिएटरवर दुकान टाकू नकोस. हे सेट नवीन येत नाहीत, माळ्यावरचे आहेत तेवढेच. पण जो हात आठ इंची सबवूफरची कॉइल बसवतो तोच हात पंधरा इंची डीजेचा स्पीकर, मंदिराचा माइक सेट, रिक्षातला वूफर आणि ब्लूटूथ स्पीकर करू शकतो. गणपती ते दिवाळी आणि लग्नसराई मंडपवाले, डीजेवाले तुझ्या दारात असतील, पावसाळ्यात फोम कुजलेले होम थिएटर. चाळीसातले बारा-पंधरा हजार हत्यारं आणि सामानाला काढ, तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेव, बाकीला हात लावू नकोस. आणि दुकान घेण्याआधी घरच्या पडवीत दहा सेट कर, ओळखीच्यांचे, प्रत्येकाचा वेळ घड्याळ लावून वहीत लिही.

त्याने पहिला सेट आणलाय, त्याच्या आत्याचा. मीटरचा फोटो पाठवला, मधल्या चॅनलला ४.२ व्होल्ट डीसी. स्पीकर अजून जोडलेला नाही म्हणाला.

पुढच्या व्हिडिओत पंधरा इंची स्पीकरचं काम पाहू. तोपर्यंत तुमच्या माळ्यावर काही असेल तर खाली काढा, पण सिरीज बल्ब तयार झाल्याशिवाय प्लग लावू नका.